जुना लेख, आजचा वाचक

महाराष्ट्राबाहेरच्या शहरांत मराठीत जे लिहिलं गेलं ते आधीच थोडं, त्यातून विखुरलेलं. रायपूरही त्याला अपवाद नाही. स्मरणिका, गणेशोत्सवाचे अंक, एखाद्या संस्थेचं वार्षिक अशा ठिकाणी मोलाचे लेख आले आणि अंक रद्दीत गेले. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यातले काही इंटरनेटवर चढले. पण चढलेला लेख शोधणाऱ्याच्या हाती लागतोच असं नाही. तो हाती लागावा म्हणून जुन्या लेखात हात घालावा का, आणि घातला तर किती, यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. दोन्हींत दम आहे. म्हणून ती इथे दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. मामा रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणारे, वर्तमानपत्राच्या कचेरीत उमेदीची वर्षं काढलेले. भाची पुण्यात एका संकेतस्थळाच्या संपादनाचं काम बघणारी. ही दोघं कल्पित आहेत. त्यांनी दिलेले दाखले खरे आहेत.

भाची : मामा, माधवराव सप्रेंवरचा तुमचा लेख शोधला मी. नुसतं नाव टाकलं तर पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. खूप खाली गेल्यावर सापडला.

मामा : सापडला ना? मग झालं. ज्याला सप्रे खरोखर हवे आहेत तो खाली जाईल.

भाची : कुणी जात नाही. शाळेत निबंध लिहायला बसलेली मुलगी वरच्या चार-पाच दुव्यांत मिळेल ते घेते आणि उठते. आणि त्या चार-पाचांत काय असतं? हिंदीवरून यंत्राने उतरवलेलं, कुणीही न तपासलेलं मराठी. तुमच्या लेखात जे आहे ते त्यात नाही.

मामा : माझ्या लेखात काय आहे ते तुला आठवतं तरी का?

भाची : आठवतं तर. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्यासारख्या आडबाजूच्या गावातून ‘छत्तीसगढ मित्र’ निघालं. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे. तिघेही मराठी आणि मासिक हिंदी. पैशाचं पाठबळ नव्हतं, तीन वर्षांत बंद पडलं. पण तेवढ्यात त्यांनी पुस्तक-परीक्षणाला जी शिस्त लावली तिची दखल हिंदीवाले आजही घेतात. पुढे याच सप्रेंनी दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. रायपूरच्या लाखेनगरातून रोज जाणाऱ्या मराठी माणसालासुद्धा हे लाखे कोण ते ठाऊक नसतं, असं तुम्ही लिहिलंय.

मामा : मग माझाच मुद्दा सिद्ध झाला. मासिक तीन वर्षांत बुडालं. तरी १९०१ साली त्यात छापलेली ‘एक टोकरी भर मिट्टी’ आजही वाचली जाते. तिचं शीर्षक कुणी बदललं नाही, तिच्यात कुणी शब्द घुसडले नाहीत. लेखनात कस असेल तर ते टिकतं. नसेल तर त्याला वर ढकलून काय मिळणार?

भाची : ती आपोआप टिकली का? कुणीतरी अंक जपले, कुणीतरी कथा पुन्हा छापली, कुणीतरी ती अभ्यासक्रमात घेतली. १९८४ मध्ये भोपाळला सप्रेंच्याच नावाने संग्रहालय उभं राहिलं. जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकं गावोगावच्या घरांतून गोळा करून तिथे लावली गेली, म्हणून आज अभ्यासकाला ती मिळतात. लेख आणि वाचक यांच्यामध्ये नेहमीच कुणीतरी राबलेलं असतं. मी तेच काम करू म्हणते.

मामा : गोळा करून जपणं वेगळं आणि बदलणं वेगळं. लेखाखाली तारीख असते ती कशाला? या दिवशी मला इतकं माहीत होतं आणि मी असा विचार करत होतो, अशी ती साक्ष असते. साक्ष मागाहून सुधारायची नसते.

भाची : बरं. मग एक सांगा, पेंड्रा कुठल्या जिल्ह्यात आहे?

मामा : बिलासपूर.

भाची : तुमच्या लेखातही तेच आहे. लेख २०११ चा, तेव्हा ते बरोबर होतं. १० फेब्रुवारी २०२० पासून गौरेला-पेंड्रा-मरवाही असा स्वतंत्र जिल्हा झाला. राजिमवरच्या तुमच्या लेखात ते गाव रायपूर जिल्ह्यात दाखवलंय, ते २०१२ पासून गरियाबंदमध्ये आहे. तुम्ही चुकला नाहीत, नकाशा बदलला. पण आज वाचणाऱ्याला हे कसं कळावं? त्याला वाटणार, लेखकाला जिल्हासुद्धा माहीत नाही. आणि तो तेच पुढे कुठेतरी उतरवणार.

मामा : अगं, मग विश्वकोशाचं काय करशील? मराठी विश्वकोशाचे खंड १९७६ पासून निघू लागले. १ नोव्हेंबर २००० च्या आधी निघालेल्या कुठल्याही खंडात रायपूर मध्य प्रदेशातच असणार. छत्तीसगढ राज्यच नव्हतं. म्हणून ते खंड चुकीचे ठरतात का?

भाची : नाही ठरत, कारण छापील खंड हातात घेतला की मागचं पान उलटून साल दिसतं. कागद जुना झालेला दिसतो, छपाई जुनी दिसते. पडद्यावर तसं काही नसतं. १९८० ची नोंद आणि कालची नोंद एकाच टाइपात, एकाच पांढऱ्या पानावर येतात. शोधून आलेला माणूस मुखपृष्ठावरून येत नाही, तो थेट मधल्याच परिच्छेदावर उतरतो. आपलं वय सांगण्याची सोय जुन्या लेखाकडे उरलेली नाही. ती आपण करून द्यायची.

मामा : म्हणजे तुझी अडचण बदलाची आहे की वयाची?

भाची : दोन्हींची. आणि छापील जगातही हे होतच होतं की. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, १८५७ मध्ये त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. आज आपण तीच वापरतो. दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना, शुद्धिपत्र, तळटीप ही तुमच्याच धंद्याची हत्यारं आहेत. शुद्धिपत्र लावलं म्हणून मूळ पुस्तक बाटलं, असं कुणी म्हटलं का?

मामा : आवृत्ती काढताना ‘दुसरी आवृत्ती’ असं छातीवर लिहायचे. तुझ्या क्षेत्रात काय चालतं ते मी बघतो. जुनाच मजकूर, वरची तारीख तेवढी काल-परवाची. उघडून बघावं तर आत एक अक्षर बदललेलं नसतं. ही वाचकाची फसवणूक आहे.

भाची : आहेच, आणि ती मी करणार नाही. त्याने फायदाही होत नाही. शोधातून येणाऱ्या वाचकांबद्दल गूगलने संकेतस्थळांसाठी जी मार्गदर्शक प्रश्नावली दिली आहे तिच्यात हा प्रश्न सरळच विचारलाय: मजकुरात खरा बदल नसताना पान ताजं वाटावं म्हणून तारीख बदलता का? २०११ मध्ये गूगलने ताजेपणाला महत्त्व देणारा मोठा बदल केला आणि जवळपास ३५ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असं सांगितलं. तेव्हापासून लोकांनी ‘ताजं म्हणजे वर’ असा सोपा अर्थ काढला. पण ताजेपणा कुठे हवा? आजचं तापमान, निवडणुकीचा निकाल, मेळ्याच्या तारखा इथे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातल्या बिंबाजींनी रतनपूरला रामटेकरीवर मंदिर बांधलं, या माहितीला कालची तारीख लावून काय मिळणार? बिंबाजी १७८७ मध्ये गेले, त्यात नवं काही घडणार नाही.

मामा : हे पहिल्यांदाच पटण्यासारखं बोललीस. मग दुसरं विचारतो. जुने लेख पुसून टाकायचे, म्हणजे बाकीचं संकेतस्थळ वर येतं, हे मी वाचलंय. ते खरं का?

भाची : काही ठिकाणी तसं केलं गेलं. सीनेट या तंत्रज्ञानाच्या मोठ्या अमेरिकन संकेतस्थळाने हजारो जुने लेख काढून टाकल्याची बातमी ऑगस्ट २०२३ मध्ये आली होती. त्याच सुमारास गूगलच्या डॅनी सलिव्हन यांनी जाहीरपणे सांगितलं की, आम्हाला जुना मजकूर आवडत नाही अशा समजुतीने लेख काढू नका. तसंही वेबवरचं जुनं फार वेगाने नाहीसं होतंय. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली: २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. मराठीत मुळात कमी, त्यात आपणच आपल्या हाताने पुसायचं?

मामा : माझे काही लेख मात्र पुसावेत असं मला स्वतःला वाटतं. समारंभाचे वृत्तांत आहेत. कोण अध्यक्ष होतं, कुणी नारळ फोडला. कोण वाचणार ते?

भाची : ते सुद्धा राहू द्या. शोधात ते वर यावेत म्हणून मी वेळ घालवणार नाही, पण पुसणारही नाही. रायपूरच्या मराठी समाजाचा इतिहास उद्या कुणी लिहायला घेतला, तर त्याला नारळ कुणी फोडला हेच हवं असेल. सगळे जुने लेख सारखे नसतात मामा. काही लोकांच्या रोजच्या प्रश्नांना उत्तर देतात, काही नुसते साक्षीला उभे असतात. पहिल्यांची डागडुजी करायची, दुसऱ्यांची नोंद ठेवायची.

इथवर दोघं तत्त्वाने बोलत होते. पण तत्त्वावर एकमत झालं तरी हात कुठे लावायचा हा प्रश्न उरतोच. मामांनी मग एकच लेख पुढे ठेवला, सप्रेंवरचा, आणि याचं नेमकं काय करणार ते सांग म्हणाले.

भाची : आधी बघायचं की लोक काय विचारत या लेखापर्यंत येतात. सर्च कन्सोल नावाची गूगलची फुकट सोय आहे. संकेतस्थळाच्या मालकाला तिथे मागच्या सोळा महिन्यांचा हिशेब दिसतो: कुठल्या शब्दांवर तुमचं पान यादीत दिसलं, किती जणांनी ते उघडलं, यादीत ते साधारण कितवं होतं. तुमचा लेख ‘माधवराव सप्रे माहिती’, ‘छत्तीसगढ मित्र कोणी सुरू केले’, ‘हिंदीतील पहिली कथा’ अशा शोधांना यादीत दिसतोय. उघडत मात्र फारसं कुणी नाही.

मामा : का बरं?

भाची : शीर्षक बघा. ‘मातीची टोपली’. सप्रेंच्या कथेतली विधवा जमीनदाराला आपल्या झोपडीतली टोपलीभर माती उचलायला सांगते, त्यावरून तुम्ही ते घेतलं. कथा वाचलेल्याला ते भिडतं. यादीतल्या दहा ओळींवरून नजर फिरवणाऱ्याला काय कळणार? त्याला वाटेल, कुंभारकामावरचा लेख.

मामा : शीर्षकाला हात लावायचा नाही. सगळ्या वेबवर आता एकाच साच्याची शीर्षकं झालीत. ‘संपूर्ण माहिती मराठी’, ‘जाणून घ्या सविस्तर’. त्या रांगेत मला बसायचं नाही.

भाची : बसूच नका. ‘मातीची टोपली’ तसंच राहील, त्याच्या खाली एक ओळ येईल: ‘माधवराव सप्रे, वामनराव लाखे आणि छत्तीसगढ मित्र, १९०० ते १९०२’. पुस्तकांना उपशीर्षक असतंच की. शोधाच्या यादीसाठी पानाचं वेगळं शीर्षक देता येतं, त्यात ही दोन्ही एकत्र जातील.

मामा : उपशीर्षक चालेल. पुढे?

भाची : पुढे पहिला परिच्छेद. तुमचा लेख पेंड्र्याच्या थंडीपासून सुरू होतो. सप्रे तिथे कसे पोचले ते तिसऱ्या परिच्छेदात कळतं.

मामा : ती थंडी मी मुद्दाम घातली आहे. जानेवारीत अमरकंटकच्या बाजूचा वारा सोसत कुणी मासिक काढतंय, हे वाचकाला अंगावर जाणवायला हवं. प्रश्नोत्तरांच्या वहीसारखं ‘सप्रेंचा जन्म १९ जून १८७१’ असं मी सुरू करणार नाही.

भाची : तुमच्या परिच्छेदातलं एक वाक्यही मी हलवणार नाही. त्याच्या आधी, वेगळ्या टाइपात, चार ओळींची ओळख देऊ. सप्रे कोण, कधी जन्मले, रायपूरला १९२६ मध्ये वारले, मासिक कधी निघालं, लेख कशाबद्दल आहे. घाईतला माणूस तेवढं घेऊन जाईल. ज्याला रस वाटेल तो तुमच्या थंडीत शिरेल.

मामा : आणि ‘हिंदीतील पहिली कथा’ विचारणाऱ्याला काय सांगणार? इथेच माझा खरा विरोध आहे. शोधणाऱ्याला एका ओळीचं उत्तर हवं असतं. खरं उत्तर एका ओळीत मावत नाही. किशोरीलाल गोस्वामींची ‘इंदुमती’ १९०० ची, सप्रेंची कथा १९०१ ची, रामचंद्र शुक्लांची ‘ग्यारह वर्ष का समय’ १९०३ ची, बंगमहिलांची ‘दुलाईवाली’ १९०७ ची. प्रत्येकीचा कैवार घेणारे अभ्यासक आहेत आणि पहिली कुठली हे ‘आधुनिक कथा’ कशाला म्हणायचं यावर ठरतं. हे सगळं मी सोडून दिलं आणि ‘सप्रेंची कथा पहिली’ असं छातीठोक लिहिलं, तर तुझा लेख वर येईल. पण खोटा होऊन येईल.

भाची : मग तसं लिहायचंच नाही. ‘हिंदीतली पहिली कथा कोणती?’ असा लहान मथळा घालायचा आणि त्याखाली तुम्ही आत्ता जे चार वाक्यांत बोललात तेच द्यायचं. मतभेद आहेत, हे चार दावे, हा वादाचा मुद्दा. हेसुद्धा उत्तरच आहे, आणि बाकीच्या पानांवर ते नाही. प्रश्न लोकांच्या शब्दांत घेऊ, उत्तर तुमच्या विवेकाने देऊ. एवढी वाटणी मला मान्य आहे.

मामा : ही वाटणी मलाही मान्य आहे. ते लिहून देतो.

भाची : आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. तुमचे पहिले काही लेख नेटवर आहेत ते लेख नाहीतच, पानांचे फोटो आहेत. स्मरणिका स्कॅन करून चढवली कुणीतरी. डोळ्याला अक्षर दिसतं, शोधयंत्राला बहुधा नुसतं चित्र. त्याहून वाईट म्हणजे जुन्या फाँटमधला मजकूर. युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरसंकेतांची पद्धत रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, हिंदी कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप व्हायचा. फाँट काढला की आत रोमन अक्षरांची खिचडी उरते. ‘सप्रे’ हा शब्द तिथे ‘सप्रे’ म्हणून साठवलेलाच नसतो. तो कितीही शोधा, मिळणार नाही.

मामा : रूपांतर करणारे प्रोग्रॅम असतात ना?

भाची : असतात, पण जोडाक्षरं आणि रफार यांत गडबड करतात. म्हणून नंतर माणसाने मुद्रितं तपासायला हवीत. ते तुमच्याइतकं चांगलं कोण करणार? आणखी बारकावे आहेत. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. दिसायला एक, संगणकाच्या लेखी दोन शब्द. मोठी शोधयंत्रं बऱ्याचदा सांभाळून घेतात, पण संकेतस्थळाच्या स्वतःच्या शोधपेटीत हमखास फसतं. तेच राज्याच्या नावाचं: कुणी ‘छत्तीसगड’ लिहितं, कुणी ‘छत्तीसगढ’, हिंदीच्या सवयीचा माणूस ढ खाली टिंब देतो. लेखभर एकच रूप ठेवायचं आणि दुसरं रूप कुठेतरी ओघात एकदा येऊ द्यायचं. सगळी रूपं ओळीने कोंबायची नाहीत.

मामा : या बाबतीत राजिमचं उदाहरण बघ. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत तिथे पूर्वापार मेळा भरतो. सरकारने त्याला राजिम कुंभ म्हणायला सुरुवात केली. २०१९ मध्ये नाव बदलून माघी पुन्नी मेळा झालं. २०२४ मध्ये पुन्हा राजिम कुंभ कल्प. मेळा तोच, नदीचं पात्र तेच. राजिमवरच्या माझ्या लेखात एकच नाव आहे.

भाची : आणि लोक तिन्ही नावांनी शोधतात. तिथे नावं कशी बदलत गेली त्याचा एक परिच्छेदच घालायला हवा, सालांसकट. वाचकाला ती माहितीही नवी आहे आणि तिन्ही शब्द त्यात नैसर्गिकपणे येतात. हा लेख पौष महिन्यात हातात घ्यायचा. मेळा सुरू झाल्यावर दुरुस्ती केली तर शोधयंत्र ती वाचेपर्यंत शिवरात्र उलटलेली असते. कसं जायचं हेही बदलायला हवं. रायपूरच्या छोट्या (नॅरोगेज) रेल्वेचं वर्णन आहे तुमच्या लेखात. शहरातून जाणारा तिचा मार्ग उखडून त्यावर आता एक्सप्रेसवे झालाय.

मामा : ते वर्णन काढायचं नाही! त्या गाडीवर लिहिलेलं मराठीत दुसरं काय आहे?

भाची : काढणार नाही. ‘हा प्रवास तेव्हाचा आहे, आता रायपुरातून ही छोटी गाडी सुटत नाही’ एवढी ओळ वर टाकू. काल जे प्रवासवर्णन होतं ते आज इतिहास झालं, वाचकाने ते इतिहास म्हणून वाचावं. रायपूरच्या तलावांसारखं आहे हे. गाळ काढला म्हणून बूढा तालाब नवा होत नाही, फक्त पाण्यापर्यंत पोचता येतं.

मामा : ठीक. पण तू केलेल्या या सगळ्याला वाट कुठून मिळणार? लेख जिथे आहे तिथे कोपऱ्यात पडलेला आहे.

भाची : म्हणून दुवे. नव्या लेखांतून जुन्या लेखांकडे वाट ठेवायची. हिंदी कवी मुक्तिबोधांवर तुम्ही लिहिलंय, १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात आले तेव्हापासूनचं. मातृभाषा मराठी, लेखन हिंदीत, हा धागा सप्रेंपासून मुक्तिबोधांपर्यंत जातो. पण तुमच्या एका लेखात दुसऱ्याचा दुवा नाही. ज्या पानाकडे कुठूनच वाट येत नाही ते शोधयंत्रही बिनमहत्त्वाचं धरतं. गूगलचा १९९८ चा मूळ विचारच तो होता: कुठली पानं कुणाचा हवाला देतात, त्यावरून पानाचं वजन ठरवायचं. आणि पत्ता जपायचा. संकेतस्थळाची मांडणी बदलली की पानांचे पत्ते बदलतात आणि वीस जणांनी दिलेले हवाले एका रात्रीत तुटतात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावून ठेवलंय की पत्ते बदलू नयेत. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमस्वरूपी नव्याकडे वळवणारी सोय करावी. हे काम अर्ध्या तासाचं असतं आणि तेच राहून जातं.

मामा : आता माझा शेवटचा आक्षेप. तू एवढं सगळं करशील. उपशीर्षक, ओळख, दुवे. आणि शोधयंत्र वरच्या वर स्वतःच उत्तर लिहून मोकळं होईल. तुझ्या पानावर कुणी येणारच नाही.

भाची : हा आक्षेप खोडायला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने भारतात कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेली उत्तरं शोधाच्या माथ्यावर द्यायला सुरुवात केली, इंग्रजीत आणि हिंदीत. जन्मतारीख विचारणारा माणूस तिथूनच परत जाईल. तो गेला. पण हिंदीतल्या पहिल्या कथेचा वाद समजून घेणारा, पेंड्र्याला जाऊन बघू म्हणणारा, लाखे आपले कोण लागत होते ते शोधणारा, हे सगळे अजून पान उघडतात. आणि यंत्र उत्तर लिहितं ते कुठल्या तरी पानांवरून लिहितं. मराठीत सप्रेंबद्दल तपासलेलं पान सापडलंच नाही तर ते कुणाच्याही भाषांतरावर विसंबेल. तुमचा लेख वाचता येण्याजोगा ठेवला तर निदान चुकीला एक विरोध उभा राहील.

मामा : विरोध उभा राहील, हे मला पटतं. वाचक येतील हे अजून पटत नाही. तरीही लेख दुरुस्त करायला माझी ना नाही, पण माझ्या अटी लिहून घे. मूळ मजकुरात खाडाखोड नाही. पहिली तारीख जाणार नाही. सुधारणा कधी आणि कसली केली ते त्याच पानावर लिहायचं. मला माहीत नसलेलं काही वाचकांना हवंय म्हणून घालायचं नाही. आणि मत बदललं तर जुनं मत पुसायचं नाही, खाली नवं लिहायचं.

भाची : पाचही मान्य. माझी एकच अट. टीप तुम्ही लिहायची, मी नाही.

मामांनी लिहिलेली टीप अशी: ‘हा लेख २०११ मध्ये लिहिला आहे. त्या वेळी पेंड्रा बिलासपूर जिल्ह्यात होतं. फेब्रुवारी २०२० पासून ते गौरेला-पेंड्रा-मरवाही जिल्ह्यात आहे. हिंदीतल्या पहिल्या कथेच्या वादावर एक नवा परिच्छेद शेवटी जोडला आहे. बाकी लेख मूळचाच आहे.’

पाच वाक्यांची ही टीप शोधयंत्रालाही पुरेशी आहे आणि प्रामाणिक वाचकालाही. मला स्वतःला भाचीची घाई पटते आणि मामांच्या अटीही पटतात. अटींशिवायची घाई वाचकाला फसवते आणि घाईशिवायच्या अटींनी लेख कुलूपबंद राहतो. शोधातून वाचक यावा यासाठी ज्या युक्त्या सांगितल्या जातात, त्यांतल्या टिकाऊ त्या सगळ्या जुन्या संपादकाच्या सवयी आहेत: विषय स्पष्ट सांगणं, संदर्भ जोडणं, चूक उघडपणे दुरुस्त करणं, हवाल्याचा पत्ता शाबूत ठेवणं. फक्त त्या लेख छापून झाल्यावरही चालू ठेवायच्या आहेत.

रायपूर, बिलासपूर, जबलपूर, इंदूर, बडोदा, हैदराबाद, जिथे जिथे मराठी मंडळांच्या स्मरणिका कपाटात किंवा नेटवर पडून आहेत, तिथे हे काम आज सुरू करता येतं. शंभर लेखांची योजना आखू नये. ज्याचा प्रश्न लोक खरोखर विचारतात असा एक लेख निवडावा, तो युनिकोडमध्ये आणावा, माहीतगार माणसाकडून तपासून घ्यावा, वर तारखेसकट टीप लावावी आणि मग दुसरा घ्यावा. लेखक हयात असेल तर टीप त्याच्याचकडून लिहून घ्यावी, कारण काय बदललं आणि काय बदललेलं नाही हे त्याच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकत नाही.